दोन उजेड

तेओनाने थेस्सालोनिकीहून पैसे पाठवले
आणि सोबत एक ओळ : दोघांना एकत्र रंगव.

एकत्र.
मी कुताइसीतच वाढले, त्यांच्याच गल्लीत,
त्यामुळे हा शब्द वाचून हसले.
मुर्मान संध्याकाळी सातला भट्टीवर जातो
आणि सकाळी आठला परततो.
नानूली पावणेआठला औषधांच्या दुकानाकडे निघते
आणि परतेपर्यंत सव्वासात.
कधी जिन्यात गाठ पडते,
तेव्हा किल्ली हातातून हातात जाते,
तेवढंच कुलूप वाचतं.

“रविवारी जमेल का?” मी विचारलं.
“रविवारी लोक पाव जास्त खातात,” तो म्हणाला.

मग ठरलं : खुर्ची तीच, भिंत तीच,
कॅमेरा तिकाटण्यावर,
तिकाटण्याचे पाय जिथे टेकले
तिथे जमिनीवर खडूच्या तीन फुल्या.
त्याचे फोटो सकाळी, तिचे रात्रीआधी,
शिवायचं काम माझं.

सकाळी तो आला, भुवयांत पीठ.
फ्लॅश मी वापरत नाही,
फ्लॅश नाकाची सावली खातो
आणि सावली गेली की माणूस पोळीसारखा सपाट.
पूर्वेची खिडकी उघडली. रिओनीवरून आलेलं ऊन
त्याच्या डाव्या गालावर येऊन बसलं.
हातांचे वेगळे फोटो काढले :
कोपरापर्यंत एक केस नाही,
चाळीस वर्षं भट्टीत वाकून वाकून जळालेले.

शेजारी नानूलीच्या जागी
मी स्टुलावर चार जाड पुस्तकं रचली,
वर एक भोपळा.
त्याने मान वळवून पाहिलं.
“एवढी उंच नाही ती,” म्हणाला,
एक पुस्तक काढलं. पुन्हा पाहिलं.
मग भोपळाच उचलून खाली ठेवला,
दुसरा, लहान, स्वयंपाकघरातून आणला
आणि किंचित तिरका बसवला.
“ऐकताना मान अशी करते.”

कधी ऐकते ही, मी विचारलं नाही.

संध्याकाळी तिच्यासाठी
त्याचा कोट मी खुर्चीच्या पाठीवर चढवला,
खांद्यांत उशी कोंबली.
ती दुकानातून तशीच आली, बोटांना शिक्क्याची जांभळी शाई.
बसायच्या आधी तिने कोटाची वरची दोन बटणं लावली,
तिसरं सोडलं,
उशी मुठीने खाली दाबली.
“याहून वाकलाय तो आता.”
पश्चिमेची खिडकी. शेवटची वीस मिनिटं.
ऊन तिच्या उजव्या गालावर,
मधासारखं, घाईत.

एकशे सत्तावीस फोटो.
घरी टेबलावर शेजारी शेजारी मांडले
तेव्हा माझ्या मास्तरांचा आवाज आला :
एका चित्रात दोन सूर्य चालत नाहीत.
खरंय. शाळेतल्या पोरालाही दिसेल
की त्याची सावली त्याच्या उजवीकडे पडलीय
आणि तिची तिच्या डावीकडे.

एक उजेड निवडायचा.
सकाळ घेतली तर तिला खोटं रंगवावं लागतं,
त्या वेळी ती पुलावर असते, हातात पिशवी.
संध्याकाळ घेतली तर त्याचा गाल
मी कधी पाहिलेलाच नाही त्या रंगाचा.
दुपारचा मधला उजेड घ्यावा
तर तेव्हा त्या घरात तो एकटा झोपलेला, पडदे ओढून.

तीन आठवडे कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून उभा होता.
तेओनाचे दोन फोन आले.
मी गेरू घोटत राहिले.

शेवटी तो डावीकडून उजळला,
ती उजवीकडून,
आणि दोघांच्या सावल्या मधोमध
भिंतीच्या एकाच पट्टीवर आल्या,
जिथे मी निळा जरा जास्त लावला.
नियमाने हे चूक आहे.

चित्र टांगलं त्या दिवशी नानूली कामावर होती.
मुर्मान जांभई देत समोर उभा राहिला,
बराच वेळ.
मग बोट नेलं तिसऱ्या बटणाकडे,
रंग ओला आहे म्हणून मी ओरडले,
तोवर लागलं होतं.

ते बोट मी पुसून काढलं नाही.